सायरन वाजला, तर गुलमंडीवरून कुठे जाल?

एक साधा प्रश्न. शनिवारची संध्याकाळ आहे. तुम्ही गुलमंडीवर कपडे घ्यायला आलाय, गाडी पैठण गेटजवळ लावलीय आणि अचानक भोंगा वाजायला लागतो. आवाज वर चढतो, खाली येतो, पुन्हा चढतो. तुम्ही काय कराल? गाडीकडे पळाल? समोरच्या दुकानात शिराल? घरी फोन लावाल? की मोबाइल काढून व्हिडिओ घ्याल?

खरं सांगायचं तर आपल्यातले बरेच जण व्हिडिओच घेतील. कारण दुसरं काय करायचं असतं, हे आपल्याला शाळेत, कॉलेजात, घरी कुणीच कधी सांगितलेलं नाही. युद्ध म्हटलं की आपण विमानं, क्षेपणास्त्रं आणि टीव्हीवरचे नकाशे बघतो. त्या नकाशात आपली गल्ली कुठे असते, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. मे २०२५मध्ये मात्र तो काही दिवसांपुरता का होईना, पडला होता.

पत्रातला पाचवा मुद्दा

२२ एप्रिल २०२५ला पहलगामचा हल्ला झाला. त्यानंतर ५ मे रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं: ७ मे रोजी देशातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव घ्या. त्याला नाव दिलं 'ऑपरेशन अभ्यास'. इतक्या मोठ्या प्रमाणावर असा सराव १९७१नंतर पहिल्यांदाच होत होता. महाराष्ट्रातली १६ ठिकाणं यादीत होती. मुंबई, उरण आणि तारापूर पहिल्या श्रेणीत. आणि तिसऱ्या श्रेणीत भुसावळ, रत्नागिरी, सिंधुदुर्ग यांच्या जोडीला आपलं शहर, 'औरंगाबाद' या जुन्या नावाने.

सरावात काय करायचं, त्याचे पाच मुद्दे पत्रात होते. हवाई हल्ल्याचे भोंगे तपासणं. नागरिक आणि विद्यार्थ्यांना स्वसंरक्षणाचं प्रशिक्षण देणं. ब्लॅकआउटची तयारी. महत्त्वाचे कारखाने आणि केंद्रं झाकण्याची व्यवस्था. आणि पाचवा मुद्दा: लोकांना सुरक्षित जागी हलवण्याची योजना अद्ययावत करणं आणि तिची तालीम घेणं.

पहिल्या चार मुद्द्यांवर भरपूर रील्स निघाले. पाचवा तसाच राहिला. ७ मेच्या पहाटे 'ऑपरेशन सिंदूर' सुरू झालं, १० मेला शस्त्रसंधी झाली, आणि विषय मिटला. पण भोंगा वाजवायला एक बटण पुरतं. गुलमंडी रिकामी करायला काय लागतं, हे एकदा नीट बघू.

आधी थांबायला शिका

'सुरक्षित जागी हलवणं' म्हटलं की आपल्याला पळणारी माणसं दिसतात. प्रत्यक्षात हवाई हल्ल्याचा इशारा मिळतो तेव्हा हातात काही मिनिटंच असतात. तेवढ्यात गुलमंडीवरून क्रांती चौकात पोचता येत नाही. त्या मिनिटांत रस्त्यावर येणं हेच सगळ्यात धोक्याचं. म्हणून वर-खाली होणारा भोंगा ऐकला की जवळच्या पक्क्या इमारतीत शिरायचं, खालच्या मजल्यावर, काचांपासून लांब, आतल्या भिंतीच्या आडोशाला बसायचं. एकाच पट्टीत सलग वाजणारा भोंगा म्हणजे धोका टळला.

माणसं हलवायची ती त्याच्या आधी किंवा त्याच्या नंतर. आधी म्हणजे काही तास किंवा दिवस हातात असताना. नंतर म्हणजे इमारत राहण्याजोगी उरली नाही, आग पसरतेय, अशा वेळी. १९६८च्या नागरी संरक्षण कायद्याची व्याख्याही हल्ल्याच्या आधी, दरम्यान आणि नंतर असे तिन्ही काळ धरते. या तीन वेळांची तीन वेगळी उत्तरं आहेत, आणि गडबड होते ती एका वेळेचं उत्तर दुसऱ्या वेळी दिल्यामुळे.

त्याची किंमत काय असते, ते लंडनच्या बेथनल ग्रीनमध्ये दिसलं. ३ मार्च १९४३च्या रात्री भोंगा वाजला. लोक भुयारी रेल्वेच्या स्थानकात आसऱ्याला उतरू लागले. जवळच विमानविरोधी तोफखान्याचा नवा, अनोळखी आवाज झाला, गर्दी पुढे रेटली गेली, अंधाऱ्या जिन्यावर कुणीतरी अडखळलं. १७३ माणसं चेंगरून मेली. त्यात ६२ मुलं होती. त्या रात्री तिथे एकही बॉम्ब पडला नव्हता.

आपल्याकडे त्याला भोंगाही लागत नाही. २९ सप्टेंबर २०१७ला मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर पावसामुळे लोक जिन्यात थांबले, मागून गर्दी येत राहिली आणि २३ जण गेले. ही माणसं रोज त्याच पुलावरून जाणारी होती.

गल्लीचं गणित

आता गुलमंडीकडे या. टिळक पथ, मछलीखडक, रंगारगल्ली, कुंभारवाडा, सिटी चौकाकडे जाणारा रस्ता. दुकानांसमोर लावलेल्या गाड्या, त्यांच्या पुढे हातगाड्या, वर दुकानांचे फलक आणि लोंबणाऱ्या वायरी. आपण याला 'वातावरण' म्हणतो, आणि दिवाळीच्या आधी ते असतंही भारी. पण गर्दीचा हिशोब करणारे लोक त्याकडे वेगळ्या नजरेने बघतात.

ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षिततेसाठी वापरतात तो ठोकताळा असा: सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं बाहेर पडू शकतात. जिन्यावरून ६६. आता समजा, सणाच्या संध्याकाळी दहा हजार माणसं एका बाजूने बाहेर पडायची आहेत आणि वाटेची मोकळी रुंदी दोन मीटर आहे. मिनिटाला १६४ माणसं, म्हणजे एक तास. आता त्या वाटेत एक हातगाडी आणि दोन आडव्या लावलेल्या ॲक्टिव्हा टाका. रुंदी उरली एक मीटर. लागणार दोन तास. हे सगळे शिस्तीत चालले तर. कुणी आपली गाडी काढायला वळला, कुणी आजीसाठी थांबला, तर हे गणित कोलमडतं. एका चौरस मीटरमध्ये पाचाच्या वर माणसं दाटली की कुणाच्याच हातात काही राहत नाही, गर्दी जाईल तिकडे जावं लागतं.

त्यामुळे जुन्या शहरासाठी योजना करायची तर पहिला नियम सोपा आणि नकोसा वाटणारा आहे: गाडी जिथे आहे तिथे सोडायची, पायी निघायचं. दुसरा नियम: प्रत्येक गल्लीची दिशा आधी ठरलेली हवी. मछलीखडकवाले कुठे जाणार, रंगारगल्लीवाले कुठे, हे भोंगा वाजल्यावर ठरवायला बसलं तर सगळे एकाच चौकात भेटतात. आपण बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणून मिरवतो. पण दरवाजे आणि तटबंदी शत्रूला बाहेर ठेवायला बांधली होती. आतली माणसं झटकन बाहेर काढायची आहेत, असा विचार करून जुनी शहरं बांधलेली नसतात.

याची चुणूक आपण पाहिली आहे. २९ ऑक्टोबर २०१६ला, ऐन दिवाळीत, औरंगपुऱ्यातल्या जिल्हा परिषद मैदानावरच्या फटाका बाजाराला आग लागली आणि शंभराहून जास्त दुकानं बघता बघता जळून गेली. गुलमंडीपासून चालत काही मिनिटांवर. ते मैदान होतं. तीच आग गल्लीत लागली असती तर?

सांगायचं कुणी?

युद्धकाळात माणसं वेळेवर न हलवल्याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबईचं आहे. १४ एप्रिल १९४४. दुसरं महायुद्ध चालू होतं. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज उभं होतं. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं. दुपारी कापसाला आग लागल्याचं लक्षात आलं. बंब आले, पाणी मारलं गेलं. स्फोटकांचं जहाज ओळखू यावं म्हणून लाल निशाण लावतात, ते नव्हतं. जहाज सोडण्याचा हुकूम निघाला ३ वाजून ५० मिनिटांनी. पहिला स्फोट झाला ४ वाजून ६ मिनिटांनी. दुसरा ४ वाजून ३४ मिनिटांनी.

मृतांचे आकडे ८००पासून १,३००पर्यंत सांगितले जातात. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. सुमारे ८० हजार लोक बेघर झाले.

आग दिसल्यापासून स्फोटापर्यंत दोनेक तास मिळाले होते. तेवढ्या वेळात गोदी आणि आसपासच्या वस्त्या रिकाम्या करा, असा हुकूम कुणीच काढला नाही. तिथे माहीतगार माणसं होती, अधिकारी होते. पण 'आता सगळं सोडा आणि निघा' हे कुणी म्हणायचं, ते ठरलेलं नव्हतं. ते म्हणणं अवघड असतंच. धोका टळला तर लोक हसतात, नुकसानीचा जाब विचारतात. त्यामुळे प्रत्येक जण वरच्याची वाट बघतो.

आज कायद्याने ही जबाबदारी कुणाची, ते स्पष्ट आहे. नागरी संरक्षणाचा नियंत्रक जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाखालचा नसतो, आणि २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षही जिल्हाधिकारीच. म्हणजे 'निघा' म्हणण्याचा अधिकार तिथे आहे. पण तो शब्द जिल्हाधिकारी कार्यालयातून कुंभारवाड्यातल्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींपर्यंत कसा पोचणार? व्हॉट्सॲपने? मे २०१८मध्ये जुन्या शहरात दंगल झाली तेव्हा इंटरनेट बंद केलं होतं. नेट बंद आणि अफवा चालू, हा अनुभव या शहराच्या गाठीशी आहे. अशा वेळी लोक ऐकतात ते ओळखीच्या आवाजाचं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं, मंदिर-मशिदीच्या भोंग्यावरून बोलणाऱ्या माहितीतल्या माणसाचं, गल्लीतल्या डॉक्टरांचं. म्हणून योजनेत गल्लीगणिक माणसांची नावं लागतात, आणि ती दोन्हीकडच्या गल्ल्यांतली लागतात.

यादीत नसलेले लोक

कुठलीही अशी योजना शेवटी यादीवर येऊन थांबते. ओडिशाचं उदाहरण घ्या. १९९९च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१९ला 'फनी' वादळ आलं तेव्हा दोन दिवसांच्या आत सुमारे १२ लाख लोकांना हलवलं गेलं. मृत्यू झाले ६४. वादळ काही सौम्य नव्हतं. मधल्या वीस वर्षांत निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले, आणि कुणाला आधी उचलायचं, हे गावपातळीवर माहीत करून ठेवलं.

आता गुलमंडीची यादी करायला बसा. मतदार यादीवरून करता येईल? मतदार यादी सांगते की रात्री इथे कोण झोपतं. संध्याकाळी सात वाजता इथे कोण असतं, हे ती सांगत नाही. साड्यांच्या दुकानात खेड्यावरून रोज येणारी पोरं, हातगाडीवाले, फुटपाथवर बांगड्या विकणाऱ्या बाया, लग्नाचा बस्ता बांधायला जालन्याहून आलेलं अख्खं खटलं. यांच्यापैकी कुणीच इथल्या यादीत नाही. म्हणून जुन्या बाजारपेठेला दोन योजना लागतात: दिवसाची आणि रात्रीची. दिवसाची यादी सरकारकडे नसते. ती दुकानदारांच्या डोक्यात असते.

आणि आणखी कोण यादीत नाही, माहितेय? तुम्ही.

तुमच्यातले कितीतरी जण बीड, परभणी, जालना, हिंगोलीहून शिकायला आलेत. औरंगपुऱ्यात, खडकेश्वरला किंवा एखाद्या गल्लीत रूम करून राहताय. तुमचं मतदान गावाकडे, रेशन कार्ड गावाकडे. घरमालकाकडे तुमच्या आधार कार्डाची झेरॉक्स असली तर असली. उद्या ती गल्ली रिकामी करायची वेळ आली तर घरांची मोजणी होईल, कुटुंबांची होईल. वरच्या मजल्यावरच्या चार पोरांची कुणी करेल? गावाकडे आई टीव्ही बघत असेल, फोन लागत नसेल, आणि 'आमचा मुलगा कुठे आहे' हे तिने कुणाला विचारायचं, याचं उत्तर कुठल्याच कागदावर नसेल.

ही कल्पना नाही. २ मार्च २०२२ला युक्रेनमधल्या खार्किव्हमध्ये शिकणाऱ्या भारतीय मुलांना दूतावासाचा संदेश आला: शहर ताबडतोब सोडा, वाहन मिळालं नाही तर पायी निघा, संध्याकाळी सहाच्या आत पोचा. जायची ठिकाणं ११, १२ आणि १६ किलोमीटरवर होती. इथून दौलताबादला पायी जायचं, थंडीत, पाठीवर सॅक घेऊन, वर गोळाबारी चालू असताना, असं समजा. आदल्या दिवशी त्याच शहरात एका भारतीय विद्यार्थ्याचा मृत्यू झाला होता. त्या दिवसांत मुलांनी स्वतःच गट केले, कोण कुणाबरोबर आहे याच्या याद्या केल्या, फोनची बॅटरी पाळीपाळीने वापरली. पुढे 'ऑपरेशन गंगा'च्या ९० विमानांनी १८ हजारांवर लोक परत आले. विमानं सीमेपलीकडे उभी होती. तिथपर्यंतची वाट मुलांना आपली आपण काढावी लागली.

कुठे जायचं, परत कधी यायचं

माणसं हलवली म्हणजे काम झालं, असं नसतं. आपल्या शेजारच्या दौलताबादला हे सातशे वर्षांपूर्वी कळलं. १३२७मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून इथे आणायची ठरवली. अख्खी दिल्ली हलवली की फक्त वरचा वर्ग, यावर इतिहासकारांत वाद आहेत. काही वर्षांत सगळं पुन्हा दिल्लीला फिरलं, यावर वाद नाही. हुकमाने माणसं निघतात. पण त्यांना तिथे टिकवायला पाणी, काम, आपली माणसं आणि 'परत कधी' याचं उत्तर लागतं.

ब्रिटनने १ सप्टेंबर १९३९पासून तीन दिवसांत सुमारे पंधरा लाख लोक, त्यात बहुतेक शाळकरी मुलं, शहरांतून खेड्यांत नेली. शाळेप्रमाणे गट, गळ्यात नावाची चिठ्ठी, रेल्वे ठरलेली. नियोजन उत्तम होतं. पण बॉम्ब पडेनात, आणि जानेवारीपर्यंत त्यातले जवळपास निम्मे घरी परतले. खरे हल्ले त्यानंतर, सप्टेंबर १९४०मध्ये सुरू झाले.

गुलमंडीतल्या दुकानदाराने शटर ओढून मालाने भरलेलं दुकान सोडावं, अशी अपेक्षा असेल तर राखण कोण करणार आणि परत कधी येता येईल, हे त्याला आधी सांगावं लागेल. नाहीतर तो जाणार नाही, आणि तो नाही गेला तर त्याच्याकडे काम करणारी पोरंही जाणार नाहीत.

मग तुम्ही काय करायचं?

गुलमंडी सीमेपासून शेकडो किलोमीटर लांब आहे. युद्धामुळे ती रिकामी करायची वेळ येण्याची शक्यता कमीच. पण २००९च्या दुरुस्तीने नागरी संरक्षण कायद्यात आपत्तीही आल्या. आग, इमारत कोसळणं, खाम नदीचा पूर, गॅसगळती. या सगळ्यांना तीच गल्ली, तीच यादी आणि तीच वाट लागते. त्यामुळे ही तयारी वाया जात नाही.

नागरी संरक्षण दलात अठरा पूर्ण झालेल्यांना स्वयंसेवक होता येतं. 'आपदा मित्र' योजनेत १८ ते ४० वयोगटातल्यांना बारा दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. एनएसएस-एनसीसीत असाल तर कार्यक्रम अधिकाऱ्यांना याबद्दल विचारा. दरवर्षी त्याच त्या स्वच्छता फेरीऐवजी एखादं वर्ष गल्लीचा नकाशा करायला काय हरकत आहे?

तोवर या रविवारी एवढं करा. सकाळी, दुकानं उघडायच्या आत, चौघं जण गुलमंडीवर जा. टेप घेऊन गल्लीची रुंदी मोजा. मग संध्याकाळी सातला पुन्हा जा आणि मोकळी उरलेली रुंदी मोजा. दोन आकडे लिहून ठेवा. दोन्ही वेळी जवळच्या मोकळ्या मैदानापर्यंत चालत जायला किती वेळ लागतो, तो लिहा. तुमच्या इमारतीत जिना न उतरू शकणारं कोण आहे, त्यांचं नाव आणि त्यांना उचलायला कोणती दोन माणसं जातील, ते लिहा. रूमवर राहत असाल तर रूममधल्या सगळ्यांची नावं आणि गावाकडचे फोन नंबर एका कागदावर लिहून एक प्रत घरमालकाकडे आणि एक कॉलेजात द्या. मोबाइलमध्ये ठेवू नका, कागदावर ठेवा. ११२ हा आपत्कालीन नंबर पाठ असू द्या. घरच्यांशी एक जागा ठरवा: फोन लागला नाही तर भेटायचं कुठे.

मग ते आकडे घेऊन तुमच्या वॉर्डाच्या कार्यालयात जा आणि विचारा, आमची गल्ली रिकामी करायची वेळ आली तर ती कोणत्या बाजूने रिकामी होणार आहे? उत्तर मिळालं तर गल्लीत सगळ्यांना सांगा. नाही मिळालं, तर तुमच्या हातातला कागद टेबलावर ठेवून या. निदान एका गल्लीपुरता पाचवा मुद्दा सुरू झालेला असेल.